एकही तुटली नाही

सकाळी ११:४२ ला बहिणीचा मेसेज आला. ‘दादा, पार्सल मिळालं. सगळ्या कुकीज अख्ख्या पोचल्या, एकही तुटली नाही. खूप छान झाल्यात. थँक्यू सो मच.’

आता रात्रीचे दहा वाजलेत आणि मी अजून तिथेच अडकून बसलोय.

कारण एक तुटलेली होती. मीच घातली होती. डबा बंद केल्यावर कानाशी धरून हलवला तर आत खुळखुळ वाजलं. वाजलं म्हणजे मोकळी जागा आहे, आणि मोकळी जागा असली की वाटभर कुकीज एकमेकींवर आपटत जाणार. कागद कोंबता आला असता. पण हातात अर्धी कुकी होती, चव बघायला म्हणून खाल्लेली, दातांची कड स्पष्ट दिसणारी. तीच खोचली. सगळ्यात वर, झाकण उघडलं की आधी तीच डोळ्यांत भरावी अशी. वाटलं होतं, लगेच फोन येईल. ‘शी! उष्टी पाठवलीस?’ एवढं ऐकायला मिळालं असतं तरी तीन संध्याकाळी वसूल झाल्या असत्या.

त्याऐवजी थँक्यू. सो मच.

आमच्यात थँक्यू कधी होतं? लहानपणी मी काही खायला दिलं की ती आधी त्याचा वास घ्यायची, मग माझ्या तोंडाकडे बघायची, मग खायची. अर्धं-अर्धं करताना मोठा वाटा कुणाचा यावरून दोन दिवस अबोला. तो अबोला बरा होता. मधल्या त्या प्रकारानंतर... असो, त्यावर लिहायला बसलेलो नाही.

मेहनतीचा हिशोब मात्र मांडावासा वाटतोय (मन लहान आहे, मान्य). कुकीज पूर्ण गार होईपर्यंत भरल्या नाहीत. कोमट भरल्या की वाफ आत कोंडते, झाकणाला घाम सुटतो, आणि पोचेपर्यंत बुरशी धरायची भीती. चॉकलेटचा मोह टाळला. ते ३४ अंशांच्या आसपास वितळतं, आणि खोका कुठल्या गाडीत, कुठल्या उन्हात किती वेळ पडून राहील कोण जाणे. ओट्स-मनुक्याच्या मऊ कुकीज एका पिशवीत, आल्याच्या कुरकुरीत दुसऱ्या. एकत्र ठेवल्या तर मऊ कुकीजमधली ओल कुरकुरीत कुकीजमध्ये शिरते, त्या मरगळतात, आणि सगळ्याच डब्याला आल्याचा वास लागतो. दोन-दोन पाठीला पाठ लावून गुंडाळल्या आणि कडेवर उभ्या लावल्या. डबा खोक्यात, आणि चारी बाजूंनी चार-चार बोटं चुरगळलेला कागद. मग तो खोका कमरेइतक्या उंचीवरून जमिनीवर सोडून पाहिला. घरातले सगळे बघत होते. कुणी काही बोललं नाही, ते एक बरं.

आणि एवढं करून उत्तर कसं, तर कुणालाही पाठवता येईल असं. हेच दिवसभर टोचतंय. खोटं बोलली, ठीक आहे, सगळेच बोलतात. पण माझ्याशी बोलतानाही जपून बोलावंसं वाटलं? ‘एक तुटलीय’ म्हणायला काय जात होतं? कुणी तुटलेली कुकी खाऊनही अख्खी म्हणतं, तेव्हा आपण त्या माणसाचे पाहुणे झालो असं समजावं का?

दुपारच्या चहानंतर काही सुचेना म्हणून पार्सलचं ट्रॅकिंग उघडलं. पोचल्याची वेळ: ११:४०.

दोन मिनिटं.

त्या खोक्याला मी चिकटपट्टीचे तीन वेढे दिलेत. दोन मिनिटांत तिच्या घरात कात्रीसुद्धा सापडायची नाही. आणि मग आठवला तो ब्रेड. मऊ कुकीजच्या पिशवीत मी ब्रेडचा एक स्लाइस घातला होता. त्याच्यातली ओल कुकीज घेतात, त्या मऊ राहतात आणि स्लाइस बिचारा वाळून खडखडीत होतो. तिला हे सांगायचं राहून गेलं. कुकीजच्या डब्यात वाळका ब्रेड निघाला आणि तिने त्याबद्दल विचारलं नाही? शक्यच नाही. म्हणजे तिने खोका उघडलाच नव्हता. ‘खूप छान झाल्यात’ ते नुसतं पुठ्ठ्याकडे बघून.

यावर वाईट वाटून घ्यायचा तासभर प्रामाणिक प्रयत्न केला. नीट जमलं नाही. मध्येच हसू येत होतं.

मग तिच्या मेसेजच्या वरचे माझे मेसेज वाचले. परवा: ‘पोचलं का?’ काल सकाळी: ‘पोचलं का गं?’ काल रात्री: ‘तुटल्या नसतील ना एकही? आवडल्या का सांग.’ आज साडेनऊला नुसतं प्रश्नचिन्ह. म्हणजे प्रश्नपत्रिका मीच काढली होती, ती एकेक उत्तर लिहून मोकळी झाली. दारात पार्सलवाला उभा, एका हातात खोका, दुसऱ्या हातात फोन, आणि आत कामाचा ढीग. मीही दुसरं काय लिहिलं असतं? थँक्यू मात्र नसतं लिहिलं. ते अजून टोचतंच आहे, कमी झालंय एवढंच.

हे लिहितानाच फोन वाजला. ‘दादा, यात वाळका ब्रेड कशाला घातलास रे?’

अर्ध्या कुकीबद्दल अक्षर नाही. मी ओल, मऊपणा, कुरकुरीतपणा यांवर पाच ओळी लिहिल्या आणि पुसल्या. मग पाठवलं, ‘वर बघ नीट, एक अर्धी आहे.’

‘होती,’ तिचं उत्तर आलं.