आठ महिन्यांचा शोक: आजार म्हणायचा का?

ओपीडीत एक मुलगी आईला घेऊन आली. वडील जाऊन आठ महिने झाले होते. "आई अजून रोज रडते, रात्री बाबांशी बोलते. हे डिप्रेशनच ना, डॉक्टर?" आईकडून नैराश्य चाचपणारी पीएचक्यू-९ प्रश्नावलीही भरून आणली होती. गुण १४. दहाच्या वर गेलं की निदान झालं, असा समज आहे. खरं तर तिथून चौकशी सुरू होते.

मुलीला बाहेर बसवून बाईंशी बोललो. उदासी दिवसभर असते, की आठवणीने उमाळा येतो आणि ओसरतो? मध्येच कशात मन रमतं का? स्वतःबद्दल काय वाटतं? 'माझा काही उपयोग नाही' हा सूर नैराश्याचा, 'ते हवे होते' हा शोकाचा. मरणाचे विचार येतात का, हे थेट विचारायचं. बाईंना उमाळे येत होते, पण कमी होत चालले होते. स्वतःचा तिटकारा नव्हता, मरायचं मनात नव्हतं, शिकवण्या चालू होत्या. गेलेल्या माणसाशी बोलणं, क्षणभर त्याचा आवाज ऐकू येणं शोकात सर्रास आढळतं. झोप तुटक आणि थकवा होता, म्हणून थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं.

पेच मुदतीचा होता. प्रदीर्घ शोकविकारासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं वर्गीकरण, आयसीडी-११, किमान सहा महिने धरतं, तर अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचं निदानाचं पुस्तक, २०२२ चं डीएसएम-५-टीआर, प्रौढांसाठी बारा. याच बाई एका पुस्तकाच्या मुदतीत बसत होत्या, दुसऱ्याच्या नाही. पण नुसत्या मुदतीने विकार ठरत नाही. रोजचं जगणं अडलेलं असावं लागतं आणि शोक त्या समाजाच्या रीतीपलीकडे गेलेला असावा लागतो. डीएसएमची व्याख्या तर स्पष्टच सांगते: जिवलगाच्या मृत्यूनंतरचा अपेक्षित प्रतिसाद हा मानसिक विकार नव्हे, आणि समाजाला न रुचणारं वागणंही, मुळात व्यक्तीच्या मानसिक प्रक्रियेत बिघाड नसेल तर, विकार नव्हे. समलैंगिकता १९७३ पर्यंत अमेरिकी यादीत विकार म्हणून होती, हे लक्षात घेतलं की या अटी किती मोलाच्या आहेत ते कळतं.

केसपेपरवर लिहिलं, 'शोक, गुंतागुंत नाही.' मुलगी नाराज झाली. "म्हणजे काहीच करायचं नाही?" करायचं होतं. विकाराचं निदान आणि मदतीची गरज या वेगळ्या गोष्टी आहेत. नैराश्यावरची गोळी दिली नाही. झोपेच्या वेळा बांधून दिल्या, समुपदेशन ठरवलं, चार आठवड्यांनी बोलावलं. शिकवण्या सुटल्या, जेवण तुटलं किंवा मरणाची भाषा आली, तर तारखेची वाट न पाहता यायचं, हे दोघींना एकत्र बसवून सांगितलं.