कात्राबाईची खिंड आणि ‘पावसात बिनधास्त न्या’ म्हणणारा दुकानदार

रतनवाडी – रतनगड – कात्राबाईची खिंड – कुमशेत – पाचनई – हरिश्चंद्रगड, अशी सह्याद्रीतली डोंगरवाट. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, हस्ताचा पाऊस. आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि त्याचा मित्र, आणि रतनवाडीचा एक वाटाड्या. या वाटेचे वृत्तांत पुष्कळ आहेत, त्यामुळे कुठे डावीकडे वळायचं ते मी पुन्हा सांगत बसत नाही. मला सांगायचं आहे ते कॅमेऱ्याबद्दल, कारण निघायच्या आधी मी हेच शोधत होते आणि जे सापडलं त्यातलं निम्मं चुकीचं निघालं.

माझ्याकडे दोन कॅमेरे होते. एक स्वतःचा: २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम मिररलेस (मोठ्या सेन्सरचा, लेन्स बदलता येणारा), त्यावर झूम लेन्स, दोन्ही मिळून सव्वा किलो. दुसरा धाकट्या दिराचा ऑलिम्पस टीजी-६, वजन २५३ ग्रॅम. भावजींनी तो तारकर्लीला पाण्याखाली न्यायला घेतला होता. “वहिनी, मोठा घरी ठेवा, हाच घेऊन जा,” असं ते तीनदा म्हणाले. मी ऐकलं नाही. दोन्ही नेले, आणि टीजी-६ सॅकच्या वरच्या कप्प्यात टाकून विसरले.

का ऐकलं नाही? तर मिररलेस घेताना दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, “मॅडम, वेदर सील्ड आहे, पावसात बिनधास्त न्या.” वेदर सील्ड म्हणजे फटींना रबर लावून पाणी अडवलेला. मला वाटलं, सील्ड म्हणजे सील्ड.

रतनगडाबद्दल फार लिहीत नाही. अमृतेश्वराचं देऊळ सुंदर, शिड्या मजबूत, नेढ्यात (कड्यातल्या आरपार भोकात) वारा, रिमझिम पाऊस, सगळं छान. त्या दिवशी मोठ्या कॅमेऱ्यानेही मस्त काम केलं. तिथेच मी फसले. रिमझिम पावसात तीन तास टिकला म्हणजे पावसात टिकतो, असा हिशोब मी केला.

दुसऱ्या दिवशी कात्राबाई. जंगलातला रतनगडाचा फाटा सोडला की थोडा वेळ वाट सरळ जाते आणि मग एकदम अंगावर येते. चिखल, मुळ्या, वरून ओघळ. काठीपेक्षा हात जास्त वापरावे लागतात. बऱ्याच वृत्तांतांत फाट्यापासून कुमशेतपर्यंत ‘आरामात तीन तास’ असं लिहिलेलं सापडेल. ते बहुधा डिसेंबरात गेले असावेत. आम्हाला साडेपाच तास लागले, आणि आम्ही काही नवखे नाही. जिथे वाट म्हणून ओढाच वाहत होता तिथे वाटाड्याही दोनदा थांबून विचार करत होता. वाटाड्याशिवाय पावसाळ्यात इथे जाऊ नका, हे एकच वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुरे. त्याला दिलेले दिवसाचे पंधराशे हा या अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात वसूल झालेला खर्च.

खिंडीत पोचलो तेव्हा समोर आजोबाचा डोंगर असतो म्हणे. आम्हाला दिसला तो पांढरा पडदा. पाऊस वरून नव्हता येत, दरीतून वर येत होता. हे नीट वाचा, कारण कॅमेऱ्याचं सगळं रामायण इथेच घडलं.

कॅमेऱ्याची सीलं वरून पडणाऱ्या शिंतोड्यांच्या हिशोबाने बसवलेली असतात. ‘वेदर सील्ड’ या शब्दाला मोजमाप नाही, कंपनीला वाटेल तो अर्थ. मोजमाप असतं ते आयपीच्या आकड्यात, म्हणजे धूळ-पाणी किती अडतं ते सांगणाऱ्या आकड्यात, आणि फार थोड्या मिररलेससाठी कंपनी तो जाहीर करते. ओएम सिस्टिम कंपनीच्या ओएम-१ ला आहे, आयपी५३. त्यातला ३ पाण्याचा. त्याचा अर्थ: उभ्या रेषेपासून साठ अंशांपर्यंत तिरकं येणारं फवाऱ्याचं पाणी. साठ अंश! कात्राबाईच्या खिंडीत पाणी एकशे ऐंशी अंशांतून येतं. आणि हा जाहीर आकडा असलेला कॅमेरा झाला. माझ्या कॅमेऱ्याला तर आकडाच नव्हता.

दुसरी गोष्ट मला नंतर कळली आणि त्याचा जास्त राग आला. बॉडी सील्ड असली तरी लेन्सला मागच्या धातूच्या कड्याभोवती रबराची बारीक रिंग असावी लागते. माझ्या लेन्सला ती नव्हतीच. स्वस्तातल्या पुष्कळ लेन्सना नसते. लेन्स काढून उलटी धरली की दोन सेकंदांत दिसतं. दुकानदाराने बॉडीचं सांगितलं, लेन्सबद्दल चकार शब्द काढला नाही. शिवाय ज्या झूमची नळी बाहेर येते ती प्रत्येक वेळी पुढे-मागे करताना हवा आत ओढते, हापशासारखी. धुक्यात ती हवा म्हणजे पाणीच. खिंडीत मी दहा मिनिटांत निदान तीस वेळा झूम केलं असेल.

आणि तिसरी चूक सर्वस्वी माझी. कुमशेतच्या बाजूला उतार घसाऱ्याचा आहे, दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून कॅमेरा गळ्यात ठेवून उतरले आणि एका टप्प्यावर धबधब्याशेजारच्या ओल्या कातळावर सरळ ठेवला. बॅटरीचं झाकण तळाला असतं. कातळावर अर्धा सेंटिमीटर पाणी वाहत होतं. पुढे काय झालं ते सांगायला नको. पडदा आधी हिरवा, मग जांभळा, मग काळा.

कॅमेरा भिजून बंद पडला तर पहिल्यांदा बॅटरी आणि कार्ड काढा, आणि पुन्हा चालू करून बघू नका. मी चार वेळा बघितलं. पाण्याने जेवढं नुकसान होतं त्याहून जास्त ओल्या सर्किटातून वीज गेल्याने होतं. कुमशेतला ज्यांच्या घरी उतरलो त्या मावशींकडे मी तांदळाचा डबा मागितला. कुठेतरी वाचलं होतं. मावशी हसल्या. “पोरी, आमचंच तांदूळ दमाट झालंय, ते तुझं मशिन काय वाळवील?” तरी त्यांनी दिला. सकाळी कॅमेरा तसाच मेलेला, वर लेन्सच्या खाचांत तांदळाची पिठी. तांदूळ विसरा. सिलिका जेलच्या पुड्या घरूनच हवाबंद पिशवीत घेऊन जा, आणि कॅमेरा आतून ओला झाला की बॅटरी काढून त्याच पिशवीत ठेवा. चूल जवळ असली तरी तिच्याजवळ ठेवू नका.

तर पुढचे दोन दिवस नाइलाजाने टीजी-६.

आता प्रामाणिकपणे सांगते. पहिल्या तासाला मला रडू येत होतं. फुल फ्रेम सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) ३६ गुणिले २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. टीजी-६ चा १/२.३३ इंची सेन्सर जेमतेम २८ चौरस मिलिमीटर. तीस पट फरक, आणि ढगाखालच्या जंगलात तो दिसतो. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० च्या वर नेला की पानांचा रवा होतो. शटरचा वेग आपल्या हाताने ठरवता येत नाही, त्यामुळे धबधब्याचं ते दुधासारखं पाणी विसरा. ज्यांना तेच हवं असतं त्यांनी टीजी-६ कडे बघूही नये.

पण पाचनईहून हरिश्चंद्रगड चढताना मी तो कॅमेरा छातीच्या खिशात, दोरीने पट्ट्याला बांधून ठेवला होता, आणि एकदाही तो जपला नाही. हे वाक्य साधं वाटेल. ज्यांनी सव्वा किलोचं बाळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून चार तास चढण चढली आहे त्यांना कळेल. त्या वाटेवर लटकत्या कड्याखालून जाताना वरून धारा पडतात. मी सरळ धारेत उभी राहून फोटो काढले. पंधरा मीटर खोल पाण्यात चालणाऱ्या कॅमेऱ्याला धारेचं काय! एकदा हातून निसटून दगडावर आपटला. उचलला, पुसला, पुढे.

आणि फुलं. माथ्यावर सोनकी होती, ती कुणीही काढेल. पण कातळावरच्या ओलीत सीतेची आसवं होती, नखाएवढी. टीजी-६ च्या मायक्रोस्कोप मोडमध्ये लेन्सपासून एक सेंटिमीटरवर फोकस होतो. पोटावर झोपले, चिखलात, कॅमेरा पाण्याला टेकवून. माझ्या मोठ्या कॅमेऱ्याला यासाठी वेगळी मॅक्रो लेन्स लागली असती, आणि त्या पावसात ती बदलायची म्हणजे सेन्सरला अभिषेक.

“मग फोन काय वाईट?” असं नवरा दोन दिवस म्हणत होता. त्याचा फोन आयपी६८ आहे. पण ओल्या बोटांना टचस्क्रीन जुमानत नाही. पावसाचे थेंब स्वतःच बटणं दाबतात; त्याने कात्राबाईत एकूण चाळीस फोटो काढले, त्यांतले एकतीस स्वतःच्या बुटांचे. टीजी-६ ला खरीखुरी बटणं आहेत, गारठलेल्या बोटांनाही कळतात. शिवाय फोनची बॅटरी अडचणीच्या वेळेसाठी राखायची असते.

केदारेश्वराच्या गुहेत मात्र टीजी-६ ने हात टेकले. चारांपैकी एकच खांब शाबूत, मध्ये लिंग, कंबरभर बर्फासारखं पाणी, आणि अंधार. हातात धरून काढलेला एकही फोटो ठेवण्यासारखा नाही. शेवटी कॅमेरा एका दगडावर टेकवला, नाइट सीन मोड आणि सेल्फ टायमर लावला. त्या मोडमध्ये शटर चार सेकंदांपर्यंत उघडं राहतं. एक फोटो बरा आला. बरा, बस. इथे मोठा कॅमेरा हवा होता, आणि हे लिहिताना अजूनही हळहळ वाटते.

टीजी-६ कुणाकडून उसना घेतलात तर त्याची झाकणं आधी बघा. बॅटरी, कार्ड आणि चार्जिंगची जागा झाकणांखाली आहे, आणि पंधरा मीटरची हमी त्या झाकणांच्या रबरावर अवलंबून आहे. एक केस किंवा वाळूचा कण अडकला तरी पाणी आत. बाहेर, पावसात, झाकण उघडायचंच नाही. बॅटरी रात्री, कोरड्या हातांनी बदला. कंपनी ३४० फोटो म्हणते, मला त्यापेक्षा कमी मिळाले, कारण वरचा लॉगचा (वाटेची नोंद ठेवणारा) खटका सॅकमध्ये सरकून जीपीएस रात्रभर चालू राहिला होता. तो खटका रोज बघा. आणि लेन्सच्या काचेवर बसलेला एक थेंब अर्धा फोटो खातो. ओल्या रुमालाने पुसू नका, तोंडाने जोरात फुंकर मारा.

गडावरची शेवटची पहाट. रात्री पाऊस थांबला, कोकणकड्याखाली ढग, पाठीमागून सूर्य वर आला आणि ढगावर गोल इंद्रधनुष्य, मधोमध आमच्या सावल्या. इंद्रवज्र. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने इथेच ते पाहिल्याची नोंद आहे. आम्ही तिघं लहान मुलांसारखे हात हलवत होतो, खालच्या सावल्याही हलवत होत्या. टीजी-६ च्या २५ मिलिमीटरच्या रुंद कोनात अख्खं वर्तुळ मावलं. बारा मेगापिक्सेल, आठ बाय बाराची प्रिंट काढली, भिंतीवर लावली आहे आणि येणारा-जाणारा विचारतो. या एका फोटोमुळे मी टीजी-६ चं जरा जास्त कौतुक करत असेन, तेवढं वजा करून वाचा.

माझा निकाल: जून ते सप्टेंबर सह्याद्रीत घाटवाटांना जाणार असाल तर मिररलेस घरी. ‘पिशवीत गुंडाळून नेऊ, पाऊस थांबला की काढू’ हे सगळे म्हणतात. पाऊस थांबत नाही, आणि थांबला तरी पिशवीतला कॅमेरा धुक्यात काढला की काचेवर बारीक थेंब बसून ती धुरकट होते, ती निवळेपर्यंत ढग परत येतात. ऑक्टोबरच्या मध्यानंतर उलट करा: मोठा न्या, टीजी-६ राहू द्या, कारण तेव्हा प्रकाश आहे, तारे आहेत आणि छोट्या सेन्सरला तुम्ही उगाच शिव्या घालाल. दोन्ही न्यायचा विचार असेल तर करू नका. सव्वा किलोत दोन लिटर पाण्यातलं सव्वा लिटर येतं.

नवीन घेणार असाल तर टीजी-७ आलाय, २०२३ पासून. मोठा फरक म्हणजे चार्जिंग यूएसबी-सीने होतं, म्हणजे वेगळी वायर न्यायला नको. टीजी-६ सुस्थितीत स्वस्त मिळाला तर मी तोच घेईन, पण आधी झाकणांची रबरं बघून.

पाचनईहून राजूरला जीपवाल्याने पंचवीसशे सांगितले. आम्ही चिखलाने माखलेले, पाय उचलत नव्हते, त्याला ते दिसत होतं. अठराशेवर आला. ताजेतवाने असाल तर अजून खाली आणाल. गड उतरायच्या आदल्या दिवशीच गावात ठरवून ठेवा.

मोठ्या कॅमेऱ्याचं सर्व्हिस सेंटरने सांगितलेलं: मुख्य बोर्डाला गंज, अडतीस हजार. वॉरंटीत पाण्याचं नुकसान बसत नाही. मी म्हटलं, वेदर सील्ड म्हणून विकला होता. काउंटरवरच्या मुलाने वॉरंटी कार्डाच्या मागची बारीक अक्षरं बोटाने दाखवली. त्याचाही काही दोष नाही. दुकानदार म्हणतो, “पण मॅडम, एवढ्या पावसात कुणी नेतं का?”

भावजी टीजी-६ परत मागतायत. दिवाळीला देते म्हणून सांगितलंय. कोणत्या दिवाळीला, ते बोलले नाही.