किशोरकुमार का लागत नाही?

मे १९७६ मध्ये आमच्या रेडिओवरनं किशोरकुमार गायब झाला. मी तेव्हा बारा वर्षांचा, सांगलीजवळच्या गावात राहायचो, शाळेला सुट्टी लागलेली, विविध भारतीवर रफी लागतोय, मुकेश लागतोय, लता तर आहेच, पण किशोर काही लागेना. कारण कुणी सांगितलं नाही, आणि सांगणार तरी कोण, रेडिओच सरकारचा. पुढे जनता सरकारच्या काळात, आणीबाणीतल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगापुढे सगळं उघड झालं की सरकारच्या प्रचाराला त्यानं साथ दिली नाही म्हणून विद्याचरण शुक्लांच्या माहिती खात्यानं आकाशवाणी आणि दूरदर्शनवर त्याची गाणीच बंद करून टाकली होती.

त्याआधी जेमतेम आठवडाभर, २८ एप्रिलला, सुप्रीम कोर्टानं जबलपूर केसचा निकाल दिलेला. आणीबाणीत कुणाला उचलून आत टाकलं तर त्यानं हेबियस कॉर्पस, म्हणजे 'मला का डांबलं ते कोर्टापुढे सांगा' अशी दाद, मागायची नाही, असं पाचातल्या चार न्यायाधीशांनी सांगितलं, त्यात आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूडही होते, हे मला आजही लागतं. एकटे हंसराज खन्ना विरोधात गेले. सुनावणीत त्यांनी सरकारी वकिलाला विचारलं होतं, एखाद्या पोलिसानं उगाच कुणाला ठार मारलं तरी काही इलाज नाही का, आणि उत्तर आलं, आणीबाणी आहे तोवर नाही. जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीश व्हायची पाळी खन्नांची होती, सरकारनं त्यांना डावलून बेग यांना नेमलं, आणि खन्नांनी राजीनामा दिला.

मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटतच नाहीत. ज्यानं ऐकलं नाही त्याचा आवाज बंद करायचा, मग तो गायक असो नाहीतर न्यायाधीश.

आणि हे आणीबाणीत अचानक झालं असंही नाही. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात, संसदेला राज्यघटनेचा मूळ गाभा बदलता येणार नाही, असा निकाल लागला आणि दुसऱ्याच दिवशी शेलाट, हेगडे, ग्रोव्हर या तिघा ज्येष्ठ न्यायाधीशांना मागे टाकून अजितनाथ रे यांना सरन्यायाधीश केलं गेलं, तिघांनीही राजीनामे दिले. आपल्या मुंबई हायकोर्टात उ. रा. लळित नावाचे अतिरिक्त न्यायाधीश होते, त्यांनी आणीबाणीत पकडलेल्या तरुणांना जामीन दिला तर त्यांना पदावर कायम केलंच नाही. एवढं डोक्यावर असूनही त्याच मुंबई हायकोर्टानं मिनू मसानींच्या मासिकावरची सेन्सॉरची कात्री बेकायदा ठरवली, याचा मला फार अभिमान वाटतो. (लळितांचा मुलगा २०२२ मध्ये सरन्यायाधीश झाला, ती बातमी मी सकाळी रेडिओवर ऐकली आणि आवाज मोठा केला.)

आता लोक म्हणतात नेमणुका सरकारच्या हातात नकोत म्हणून १९९३ पासून कॉलेजियम, म्हणजे न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायची मंडळी, आहे ना, आणि २०१५ मध्ये नवा नियुक्ती आयोगही कोर्टानं रद्द केला. बरोबर आहे, सरकारच्या हातात परत देऊ नयेच. पण मला एक गोष्ट सोडत नाही, खन्नांना सुप्रीम कोर्टात आणलं ते इंदिरा गांधींच्याच सरकारनं, आणि १९९५ मध्ये 'हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे' असं सांगणाऱ्या खंडपीठातले आपले पी. बी. सावंत तेही जुन्याच पद्धतीनं आलेले. म्हणजे नेमतं कोण याच्याइतकंच, डावलताना कारण सांगावं लागतं की नाही यावर सगळं अवलंबून आहे असं मला वाटतं. २०१९ मध्ये अकिल कुरेशी मुंबई हायकोर्टात न्यायाधीश होते, कॉलेजियमनं त्यांचं नाव मध्य प्रदेशच्या मुख्य न्यायाधीशपदासाठी पाठवलं, सरकार महिनोन्महिने गप्प, मग सरकारची पत्रं आली आणि कॉलेजियमनं शिफारस बदलून त्यांना त्रिपुराला पाठवलं. त्या पत्रांत काय लिहिलं होतं ते जनतेला कळू दिलंच नाही. ना सरकारनं सांगितलं ना कोर्टानं, आणि कोर्टानं गप्प बसावं याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण सरकारकडनं मी तेवढी अपेक्षा ठेवत नाही.

रेडिओचं तरी काय, लहरी जनतेच्या म्हणून निकाल लागून तीस वर्षं झाली, तरी खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला अजून परवानगी नाही. द्यायच्या तर आकाशवाणीच्याच, जशाच्या तशा. टीव्हीला चोवीस तास मोकळीक आणि रेडिओला एवढी भीती कशाची, रेडिओ शेतात, टेम्पोत, पिठाच्या गिरणीत पोचतो म्हणून?

त्या सुट्टीत वडील रात्री शॉर्टवेव्हवर बीबीसी लावायचे, आवाज इतका बारीक की कान सेटला टेकवावा लागायचा. मी एकदा विचारलं, "अण्णा, किशोरकुमार का लागत नाही हो?" ते काही बोलले नाहीत, नुसतं खिडकीकडे बघितलं आणि उठून ती लावून घेतली.