विधेयकातली तारीख आणि शंभरचा बाँड

डिसेंबर 2024 मध्ये नागपूर अधिवेशनात तुकडेबंदी कायद्याच्या, म्हणजे शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या कायद्याच्या, सुधारणेचं विधेयक आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडायच्या आत माझ्या टेबलाभोवती माणसं उभी होती. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी वकिली करते. दिवाणी दावे आणि खरेदीखतं हे माझं रोजचं काम. प्रत्येकाच्या मोबाईलवर एकच बातमी होती, गुंठ्यांचे व्यवहार आता नियमित होणार म्हणून.

बातमी खोटी नव्हती, अर्धी होती. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा. ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेनंतर आमच्याकडे जिरायत वीस गुंठ्यांच्या आणि बागायत दहा गुंठ्यांच्या खाली तुकडा पाडता येत नाही. तरी लोक पाडतात, कारण पत्र्याच्या दोन खोल्या टाकायला दीड-दोन गुंठेच परवडतात. मग सातबाऱ्याच्या इतर अधिकारात ‘तुकडेबंदी कायद्याविरुद्ध व्यवहार’ असा शेरा बसतो. त्या शेऱ्यावर बँक कर्ज देत नाही, बांधकामाची परवानगी मिळत नाही. 2017 साली सरकारनं असे व्यवहार नियमित करायची वाट काढली, पण बाजारमूल्याच्या 25 टक्क्यांपर्यंत रक्कम भरा म्हणून. चार लाखांच्या प्लॉटला एक लाख कोण भरणार? 2024 मध्ये तो दर 5 टक्के झाला, म्हणजे वीस हजार.

हा दर खरं तर ऑक्टोबरमध्येच अध्यादेशानं आला होता. त्याच सुमारास विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि अध्यादेशाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. अध्यादेश निघाला त्या दिवसापासून लागू असतो. तरी दोन महिने महसुलाच्या टेबलांवर ‘वरून पत्र आलं नाही’ हेच उत्तर मिळत होतं. या उत्तराची मला मनापासून चीड आहे. राजपत्रापेक्षा वरचं पत्र कोणतं असतं?

विधेयक मी छापून घेते. आधी ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ वाचते आणि मग थेट शेवटचं कलम, निरसन व व्यावृत्ती. अध्यादेशाच्या काळात ज्यांनी अर्ज केले, पैसे भरले, त्यांचं काय होणार, ते तिथं असतं. आमच्या वकील संघात हे पान उलटणारे फार थोडे. मथळा वाचून सल्ला देणारे पुष्कळ.

त्या गर्दीत एक बाई होत्या. शाळेत खिचडी शिजवतात, नवरा वारलेला. सोबत मोठा मुलगा आणि प्लॉटिंगचा एजंट. बोलत होता तो एजंटच.

“मॅडम, ह्यांची नोटरी करून द्या. सप्टेंबरची तारीख टाकायची. बाँड आणलाय.”

बाँड, म्हणजे मुद्रांकाचा कागद, शंभर रुपयांचा होता. तिथंच माझा हात थांबला. शंभरचं मुद्रांक ऑक्टोबर 2024 पासून अशा कामाला चालेना, पाचशेचा लागू लागला. म्हणजे हा कोरा कागद कुणीतरी जपून ठेवला होता. मी तो उलटा केला. मुद्रांकाच्या पाठीवर विक्रेत्याचा शिक्का, नोंदवहीतला अनुक्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याचं नाव असतं. लोक पुढचा मजकूर वाचतात, खरी गोष्ट पाठीमागं असते. तिथं ना बाईंचं नाव होतं, ना जमीनमालकाचं. मुद्रांक व्यवहारातल्या पक्षकाराच्याच नावानं घेतलेला लागतो, नाहीतर तो कागद मुद्रांकित धरत नाहीत. असे कागद न उलटता शिक्का मारणारे नोटरी आहेत आणि त्यांच्या जिवावरच हा धंदा चालतो.

“पैसे कधी दिले मावशी?”

“दिवाळी झाल्यावर. दीड लाख. बचत गटाचं कर्ज हाय, थोडं सोनं मोडलं.”

दिवाळी झाल्यावर, म्हणजे नोव्हेंबर. विधेयकातली सवलत 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळातल्या व्यवहारांना होती. एजंटला ही तारीख पक्की ठाऊक होती. त्यासाठीच सप्टेंबर हवा होता. बाईंना त्यानं सांगितलं होतं, कायदा झालाय, पाच टक्के माझ्याकडं द्या, मी भरतो. ही रक्कम अर्ज मंजूर झाल्यावर चलनानं सरकारी खात्यात भरायची होती. ती हिशेबाला धरायची होती रेडीरेकनरवरून, म्हणजे जमिनीच्या सरकारी दरपत्रकावरून, बाँडवरच्या आकड्यावरून नाही.

मी नोटरी होऊ दिली नाही. सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं, ह्या कागदावर सही केली तर गुन्हा तुमच्यावरही येईल. एजंट म्हणाला, दुसरे वकील करून देतात. म्हटलं, त्यांच्याकडं जा. बाई मात्र गेल्या नाहीत. विधेयकाच्या पानावर बोट ठेवून विचारलं, “ही तारीख कुनी घातली? आमचं पैसं तवा जमलं नव्हतं.”

तारीख घालावीच लागते. नाही घातली तर उद्यापासून सगळी रानं दीड-दीड गुंठ्यांत फुटतील. ना रस्ता, ना नाली. हे मला पटतं, आणि मी त्यांना तसंच सांगितलं. पण रीतसर एनए, म्हणजे बिगरशेती, झालेला प्लॉट शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईला कुठं मिळतो, याचं उत्तर त्या विधेयकात कुठंच नव्हतं. घरकुलासाठी लहान तुकड्याला परवानगी देणारा नियम मार्च 2024 मध्ये आला, पण तो घरकुल मंजूर असलेल्यांना, आणि यांचं नाव यादीत नाही.

एजंटला नोटीस पाठवली. काही रक्कम त्यानं परत केली, उरलेली मालकाकडं गेली म्हणतो. मालक म्हणतो, मला अर्धेच पोचले.

आता बाई आणि त्याच रानात पैसे अडकलेले आणखी नऊ जण माझ्याकडं आलेत. रानात विहीर आहे, सातबाऱ्यावर बागायत लागलंय. दहा जणांच्या नावे मिळून अकरा गुंठ्यांचं एकच सामायिक खरेदीखत करून द्या म्हणतात. सगळे शेतकरी खातेदार आहेत, त्यामुळे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते या 1950 च्या हैदराबाद कूळ कायद्याची अडचण नाही. अकरा गुंठे दहाच्या मर्यादेवर आहेत, म्हणून दस्त नोंदला जाईल, फेरफारही होईल. पण सातबाऱ्यावर दहा नावं एकत्र राहतील, कुणाचा हिस्सा कुठला ते कागदावर कधीच येणार नाही, आणि एकाला विकायचं झालं की बाकीचे नऊ आडवे येतील. पुढं वारस वाढले की हाच दावा माझ्या नाहीतर माझ्या ज्युनिअरच्या टेबलावर येणार आहे.

हे सगळं मी त्यांना बसवून सांगितलं. तरी करा म्हणतात. मसुदा लिहून ठेवलाय, अजून दिलेला नाही.