तीनशे चार वॅटचा बैल

लातूरला गंजगोलाईपासून चालत दहा मिनिटांवर माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. धंदा चालतो तो क्लासच्या पोरांच्या लॅपटॉपवर, आडत दुकानांच्या प्रिंटरवर आणि सीसीटीव्हीवर. गेमिंगचं गिऱ्हाईक महिन्यातून दोन-तीनदा येतं आणि खरं सांगायचं तर मी त्याची वाट बघत असतो. प्रिंटरचे रोलर पुसून पुसून माणूस किती दिवस खूश राहणार?

२०२५च्या मे महिन्यात औसा तालुक्यातून बापलेक आले. पोरगा चोविशीचा, लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग करणारा. सगळ्या सीझनची कमाई त्याने ३४ इंची वक्र अल्ट्रावाइड मॉनिटरात घातली होती. ३४४० बाय १४४०, १६५ हर्ट्झ. तेव्हा ३२ इंचांपुढच्या मॉनिटरला २८ टक्के जीएसटी होता, म्हणजे सरकारलाही त्याने बऱ्यापैकी खूश केलेलं. आतलं ग्राफिक्स कार्ड मात्र जुनंच, जीटीएक्स १६६० सुपर, ६ जीबीचं.

"दादा, गेम लावली की स्लाइड शो होतो. ९०७० एक्सटी पाहिजे," पोरगा म्हणाला. व्हिडिओ बघून ठरवूनच आला होता.

वडील गप्प बसून होते. मग म्हणाले, "टीव्ही रुंद घेतला, त्याला परत सत्तर हजाराचा तुकडा कशाला लागतो, तेवढं सांगा मला."

मला असे प्रश्न आवडतात. मी बिलबुकाच्या पाठीवर आकडे मांडले. "काका, साध्या स्क्रीनवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. ह्याच्यावर ४९ लाख ५३ हजार ६००. अडीचपटीला थोडे कमी. आणि साधा स्क्रीन सेकंदाला साठदा चित्र बदलतो, हा एकशे पासष्टदा. म्हणजे दर सहा मिलिसेकंदाला पन्नास लाख ठिपके नव्याने रंगवायचे. ते काम ह्या कार्डाचं."

ते कागदाकडे बघत राहिले. "म्हणजे रान अडीचपट, आन् फेऱ्या पावणेतीनपट."

"बरोबर."

"मग बैल तगडाच लागतोय."

पर्याय तीन निघाले. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०७०, १२ जीबी मेमरी, २५० वॅट. एएमडीचं आरएक्स ९०७०, १६ जीबी, २२० वॅट. आणि ९०७० एक्सटी, १६ जीबी, ३०४ वॅट. एडिटिंगसाठी मी एनव्हिडियाकडे झुकलो होतो, पण पोराला मोठ्या स्क्रीनवर टेक्स्चर फुल ठेवून खेळायचं होतं आणि १६ जीबीची हौस होती. राहिली ९०७० आणि एक्सटी. तिथे मी पोराच्या बाजूने तोललं, हे कबूल करतो. १६५ हर्ट्झचा मॉनिटर आहे तर कार्डात कंजुषी नको, असं म्हणालोसुद्धा. जुना ५०० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे पीसीला आतून वीज पुरवणारा डबा, काढून ७५० वॅटचा गोल्ड दर्जाचा टाकला आणि आपण किती काळजी घेतली म्हणून स्वतःवर खूश झालो.

वडिलांनी पैसे मोजताना हिशोब केला. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२, पण आडतीत त्यांना मिळाला होता ४,१००. "सतरा क्विंटल," एवढंच बोलले.

चौथ्या दिवशी पोराचा फोन. "दादा, गेम लोड झाली की पीसी बंद पडायलाय. टूं टूं करतंय आन् सगळं काळं."

मी फोनवरच सगळे सोपस्कार केले. ड्रायव्हर साफ करून परत टाक. कार्डाला दोन वेगळ्या वायरी लावल्यास का, एकाच वायरीची दोन तोंडं? रॅम काढून परत बसव. पोरगं बिचारं सगळं करत होतं आणि पीसी तरी बंद पडतच होता. नवीन कार्ड खराब निघालं असं गृहीत धरून मी रविवारी गाडी काढली. सोबत दुकानातला एक एसएमपीएस, मल्टिमीटर आणि प्लगमध्ये बसणारा वॅटमीटर.

गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं, १९९३च्या भूकंपानंतर नव्याने वसवलेलं. सरळ रुंद रस्ते, आखून दिलेले प्लॉट, घर दुसऱ्या घराला चिकटलेलं नाही. मिळालेल्या पक्क्या खोल्यांना पुढे पत्र्याची खोली जोडलेली, तशी त्या भागात घरोघरी दिसते. दगडामातीच्या धाब्याखाली झोपायचं नाही, हे त्या पिढीने एकदाच ठरवलंय. पोराचा सेटअप त्या पत्र्याच्या खोलीत. दुपारचे दोन. आत पाय टाकला आणि चष्मा घामाने घसरला.

मॉनिटर सुंदर दिसत होता. टेबल म्हणजे शिलाई मशीनचा पाट, त्याच्यावर ती अर्धगोल काच. खाली टॉवर, आणि टॉवरवर जुन्या इरकलीचं शिवलेलं कव्हर, काठ पुढच्या बाजूला येईल असं बेतलेलं. आईने शिवलं होतं. फुफाटा जाऊ नये म्हणून. समोरचा पंखा बरोबर काठामागे.

"हे चालू असताना पण असतं?"

"आई घालती दादा. मी काढतो, ती घालती."

कव्हर काढलं, पण रोग तो नव्हता. गरम झालेलं कार्ड आधी वेग कमी करतं, पंखे बोंबलतात, असं झटक्यात अंधार करत नाही. शिवाय फोनवर पोरगा टूं टूं म्हणाला होता. एवढा वेळ ते माझ्या डोक्यात का आलं नाही कोण जाणे. कॉम्प्युटर असा टूं टूं करत नाही. मी वाकून खाटेखाली बघितलं. सहाशे व्हीएचा युपीएस. आमच्याच दुकानातून चार वर्षांमागे गेलेला, माझ्याच हातचं स्टिकर.

सहाशे व्हीए म्हणजे सहाशे वॅट नव्हे. त्या युपीएसच्या मागे लिहिलंय ३६० वॅट; त्यापुढे ओढलं की तो टूं टूं करून हात टेकतो. जुनं कार्ड १२५ वॅटचं होतं, तेव्हा सगळं त्यात आरामात बसत होतं. मी वॅटमीटर भिंतीत लावला, युपीएस बाजूला ठेवून पीसी सरळ त्याच्यावर घेतला. डेस्कटॉपवर नुसता उभा असताना ९८. सायबरपंक २०७७ लावला, अल्ट्रावाइडवर, सगळं हाय. आकडा ३०० च्या पुढे गेला, ४०० ओलांडला, ४८० ते ५१० मध्ये नाचायला लागला. मल्टिमीटर दुसऱ्या सॉकेटला होता. सुरुवातीला १९६ व्होल्ट. गावातले कूलर दुपारभर सुरू असतात. गेम चालू असताना १८४.

वडील दारात उभे राहून दोन्ही मीटर बघत होते. त्यांना वॅट समजावून सांगावे लागले नाहीत, मोटारीचं बिल भरणारा माणूस.

"बैल दिलात तगडा," ते म्हणाले, "वैरणीचं कुणी इचारलं नाही."

दुकानात मी ठिपके मोजले, हर्ट्झ मोजले, एसएमपीएस बदलला. त्याच्या मागे भिंतीत काय आहे, हे विचारलं नव्हतं. पुण्याच्या गिऱ्हाइकाला नसतं विचारलं तर चाललं असतं. इथे लाईट दिवसातून चारदा जाते हे मला माहीत नाही, असं मी म्हणूच शकत नाही.

मग आम्ही बसलो आणि आधी करायला हवी होती ती चौकशी केली. तू खेळतोस काय? नव्वद टक्के वेळ व्हॅलोरंट. मी हसलो. त्या गेमला अल्ट्रावाइड चालतच नाही. एक तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या, नाही तर ताणलेलं चित्र. फ्रेम, म्हणजे सेकंदाला रंगवलेली चित्रं, मात्र तीनशेच्या वर पळत होत्या, मॉनिटर दाखवणार एकशे पासष्ट, बाकीच्या फुकट रंगवून टाकून द्यायच्या आणि त्याची लाईट जाळायची. फ्रेमची मर्यादा १६२ वर बांधली. वॅटमीटर ३४० वरून २१५ वर आला. पोराने तीन गेम खेळून बघितल्या. "दादा, फरकच कळंना."

सायबरपंकला एफएसआर क्वालिटीवर टाकलं. त्यात कार्ड आतून २२९३ बाय ९६० रंगवतं आणि मोठं करून दाखवतं. म्हणजे २२ लाख ठिपके, साध्या १०८० स्क्रीनच्या जवळपास. मग पॉवर लिमिट उणे तीसवर. गरगरणारे पंखे खाली बसले. पोराच्या डोळ्याला काही कमी वाटलं नाही, काउंटरवर बारा-पंधरा फ्रेम गेल्या. पण तीस टक्के आवळलेली एक्सटी म्हणजे सव्वादोनशे वॅटच्या आतली, म्हणजे जवळपास साधी ९०७०. मग त्याने एक्सटीचे पैसे का द्यावेत?

(मधेच एक सापडलं. विंडोजमध्ये रिफ्रेश १०० वर अडकलेला. एचडीएमआय लावली होती, आणि मॉनिटरचा तो पोर्ट २.० होता, त्यात १६५ मावत नाही. डिस्प्लेपोर्टची केबल मॉनिटरच्या खोक्यात प्लॅस्टिकमध्ये तशीच होती. फुकटची ती केबल कुणीच वापरत नाही.)

उघडलेलं कार्ड कंपनी परत घेत नाही. ते माझ्या अंगावर घेतलं, आता दुकानातल्या डेमो मशीनमध्ये बसलंय आणि माझा पोरगा क्लास बुडवून तिथे असतो. औशाच्या पोराला साधी ९०७० दिली आणि वरच्या फरकात हजार व्हीएचा, सहाशे वॅटचा युपीएस. देण्याआधी दुकानात त्याच एसएमपीएसवर जोडून, गेम चालू ठेवून, भिंतीतला प्लग तीनदा उपटला. स्वस्त युपीएस बॅटरीवर पायऱ्यापायऱ्यांची लाट देतो आणि चांगले एसएमपीएस कधी कधी त्यावर रुसतात. हा रुसला नाही.

दुसऱ्या फेरीत सगळं बसवून झालं तेव्हा वडील म्हणाले, "आता किती क्विंटल झालं?"

"तेवढंच काका. सतरा. फक्त त्यात वैरण धरलीय."

निघताना आईने डिकीत पाडाच्या आंब्यांची पिशवी ठेवली आणि विचारलं, कव्हर कधी घालायचं? म्हटलं, मशीन बंद करून अर्धा तास गेला की. तिने पोराकडे बघितलं, पोराने खाली.

जूनमध्ये एका रात्री अकराला मेसेज आला. "दादा लाईट गेली. निलंग्याच्या लग्नाचं रेंडर चालू होतं. नऊ मिनिटं राहिली होती, युपीएस अकरा चालला."