तुम्ही विचारलंत म्हणून: दहा डॉलर पौंडाची टर्की

दिवाळीच्या फराळाला चार घरं जमली की कुणीतरी हमखास विचारतं, "तुम्ही म्हणे टर्की शेतावरून आणता? दुकानात तर फुकट मिळते!" पुढचे दोन प्रश्नही ठरलेले: किती पडतात, आणि ऑर्गॅनिक असते ना? तोंडात चकली असताना याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

आधी पैशांचं. आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीत राहतो. इथे नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की भाजतात. आमच्या भागात हेरिटेज, म्हणजे जुन्या जातीची टर्की पौंडाला दहा डॉलरच्या आसपास पडते, कधी वरच. चौदा पौंडांची घेतलीत की दीडशेच्या घरात गेलात. सणाच्या आठवड्यात सुपरमार्केटात गोठवलेली टर्की दीड-दोन डॉलर पौंडाने मिळते, आणि ठरावीक रकमेचा किराणा केला असेल तर खरोखरच फुकट. पण ती फुकट टर्की हे गिऱ्हाईक ओढायचं आमिष असतं. दुकानदार तिच्यावर तोटा सोसतो, कारण तिच्यासोबत तुम्ही बटाटे, बटर, क्रॅनबेरी, भोपळ्याची पाई असं सगळं त्याच्याचकडून उचलणार हे त्याला ठाऊक असतं. आम्ही जिथून टर्की घेतो त्या शेतावरच्या बाईंकडे असा तोटा वळता करायला दुसरं खातं नाही. टर्कीला जे लागलं ते टर्कीतूनच निघायला हवं.

लागतं किती, ते एकदा उन्हाळ्यात जाऊन बघावं. या बाईंचं शेत हंटरडन काउंटीत, डेलावेअर नदीच्या अलीकडे. त्यांची पिल्लं टपालाने येतात. खोटं वाटेल, पण अमेरिकन टपालखातं एका दिवसाची पिल्लं शंभर वर्षांहून जास्त काळ पोचवत आलं आहे. अंड्यातून बाहेर यायच्या आधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं, त्यावर दोन-तीन दिवस निभतं. तेवढ्यात खोकं पोचायला हवं. भल्या पहाटे पोस्टातून फोन येतो, "तुमचं खोकं चिवचिवतंय, घेऊन जा." मग प्रत्येक पिल्लाची चोच पाण्यात बुडवून त्याला पाणी दाखवावं लागतं. कोंबडीचं पिल्लू आपलं आपण शिकतं, टर्कीचं भरल्या भांड्याशेजारी तहानेनं मरू शकतं. बाई पाण्याच्या भांड्यात रंगीत गोट्या टाकून ठेवतात. चकाकतंय म्हणून पिल्लू चोच मारतं आणि पाणी सापडतं.

पुढे कोल्हा, कायोटी, रात्रीचं घुबड. कोंबड्यांपासून लांब ठेवायचं ते वेगळंच, कारण कोंबड्यांना फारसा त्रास न देणारा ब्लॅकहेड नावाचा रोग टर्कीचं यकृत पोखरतो. २०२२ पासून बर्ड फ्लूची टांगती तलवारही आहे. शेडमध्ये एक पक्षी बाधित निघाला की सगळा कळपच मारावा लागतो. हे सगळं वजा जाऊन नोव्हेंबरपर्यंत जे पक्षी टिकतात, त्यांच्या वजनावर वर्षाचा हिशेब बसवायचा असतो.

आता ऑर्गॅनिकचं. इथे माझं मत थोडं तिरकं आहे. ऑर्गॅनिक आणि हेरिटेज या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एक आहे म्हणजे दुसरी असेलच असं अजिबात नाही. ऑर्गॅनिक हा सरकारी शिक्का. पिल्लू आयुष्याच्या दुसऱ्या दिवसापासून सेंद्रिय खाद्यावर असायला हवं, अँटिबायोटिक चालत नाही, बाहेर जायला वाट हवी. 'बाहेर' म्हणजे नक्की कुठे, यावर वर्षानुवर्षं वाद झाले. काही मोठे पोल्ट्रीवाले शेडला लागून जाळी लावलेली पडवी काढायचे आणि तिलाच 'बाहेर' म्हणायचे. शेवटी २०२३ मध्ये कृषिखात्याने नियम कडक केले, आणि नव्या नियमांत अशी बंद पडवी 'बाहेर' म्हणून धरली जात नाही. पण पक्षी कोणत्या जातीचा, यावर हा शिक्का चकार शब्द काढत नाही. ऑर्गॅनिक टर्की बहुतेक वेळा तीच पांढरी, रुंद छातीची कारखानी टर्की असते, फक्त खाद्य महागाचं. वाईट नाही. पण तुम्ही समजता ते ते नव्हे.

उलट आमच्या बाईंकडे शिक्का नाही. सेंद्रिय मका-सोयाबीनचा भाव परवडत नाही आणि कागदपत्रं करायला माणूस नाही, असं त्या सरळ सांगतात. टर्की मात्र दिवसभर कुरणात असते. लहान शेतांवर हे चित्र सर्रास दिसतं. म्हणून "ऑर्गॅनिक आहे का?" हा माझ्या मते चुकीचा पहिला प्रश्न आहे.

वेष्टनावरच्या बाकी शब्दांचं तर विचारूच नका. 'हॉर्मोन नाहीत' असं ठळक छापलेलं असतं. अमेरिकेत कुठल्याच कोंबडीला किंवा टर्कीला हॉर्मोन द्यायला परवानगी नाही, तेव्हा ते सगळ्यांनाच लागू. 'नॅचरल' म्हणजे कापल्यानंतर त्यात कृत्रिम काही घातलं नाही, एवढंच. ती वाढली कशी याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि 'शाकाहारी खाद्यावर वाढवलेली' हे वाचून आपल्या लोकांना उगाचच बरं वाटतं. टोळ दिसला की टर्की कशी धावत सुटते ते एकदा पाहा. जिला टोळ मिळत नाही, तीच शाकाहारी राहते.

मग हेरिटेज म्हणजे काय? कोल्हापूर-साताऱ्याकडच्या माणसाला दोन शब्दांत सांगता येतं: गावठी आणि बॉयलर. दुकानातली टर्की म्हणजे बॉयलर, हेरिटेज म्हणजे गावठी. फरक मात्र कोंबडीपेक्षाही टोकाचा. लोकांना पांढरं मांस आवडतं म्हणून कारखानी टर्कीची छाती पिढ्यान्‌पिढ्या इतकी वाढवत नेली, की आता नराला मादीशी जुगता येत नाही. दुकानातली जवळपास प्रत्येक टर्की कृत्रिम रेतनातून जन्माला येते. माणसाने हात काढून घेतला तर ती जात एका पिढीत संपेल. पांढरा रंगही मुद्दाम आणलेला. काळ्या-तपकिरी पक्ष्याची पिसं काढली की कातडीवर मुळांचे काळे ठिपके राहतात, गिऱ्हाईक नाक मुरडतं. पांढऱ्याचे दिसत नाहीत.

हेरिटेज म्हणवून घ्यायला तीन गोष्टी लागतात: नर-मादीचं नैसर्गिक मीलन, माद्यांनी पाच-सात वर्षं अंडी घालण्याइतकं दणकट आयुष्य, आणि सावकाश वाढ. ही सावकाश वाढच खिशाला चावते. कारखानी मादी चौदा-पंधरा आठवड्यांत कापायला तयार होते. हेरिटेजला अठ्ठावीसच्या आसपास लागतात. म्हणजे जवळजवळ दुप्पट दिवस खाऊ घालायचं आणि वर मांस कमी. दहा डॉलरचं उत्तर बहुतांशी इथे आहे.

जाती बऱ्याच आहेत. नॅरगँसेट ऱ्होड आयलंडकडची, राखी-काळ्या पट्ट्यांची. बर्बन रेड केंटकीच्या बर्बन काउंटीतली, विटकरी अंगाची आणि पांढऱ्या शेपटीची. शिवाय स्टँडर्ड ब्रॉन्झ, स्लेट, ब्लॅक. विसाव्या शतकात पांढऱ्या टर्कीने यांना इतकं मागे सारलं, की १९९७ मध्ये हॅचऱ्यांकडे, म्हणजे अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्यांकडे, मोजदाद झाली तेव्हा सगळ्या जुन्या जातींच्या मिळून अंड्यावरच्या माद्या १,३०० च्या आसपास भरल्या. अख्ख्या अमेरिकेत. पुढे ही संख्या वाढली, कारण शेफ मंडळी आणि हौशी गिऱ्हाइकं त्या मागायला लागली. प्राणिसंग्रहालयात ठेवून त्या वाचल्या नसत्या. कॅन्सासमध्ये लिंड्सबर्ग गावी फ्रँक रीस नावाचे शेतकरी आहेत, त्यांनी तर जन्मभर हेच केलं: जुन्या टर्क्या पाळायच्या, विकायच्या आणि त्या विक्रीवर जात टिकवायची.

नावावरून मात्र फसू नका. नुसतं 'ब्रॉन्झ' म्हटलं तर त्याला अर्थ नाही. ब्रॉड ब्रेस्टेड ब्रॉन्झ ही कारखानी पांढरीच्या आधीची रुंद छातीवाली. पिसं झकास, पण हेरिटेज नव्हे. शेतकऱ्याला मोकळेपणाने विचारा, जात कुठली, पिल्लं कधी आली, कापता कुठे. एप्रिल-मे म्हणाले तर गणित जुळतं. जुलै म्हणाले आणि तरी नोव्हेंबरात अठरा पौंडांची देतो म्हणाले, तर ती हेरिटेज नाही. कापण्याचं विचारायचं कारण असं, की लहान शेतकऱ्यांना ठरावीक संख्येपर्यंत स्वतःच्या शेतावर पक्षी कापायची सवलत कायद्यात आहे. तिथली स्वच्छता आपल्या डोळ्यांनी बघता येते. ज्याला लपवायचं नाही तो दाखवतो.

आमच्या घरातल्या ज्येष्ठांचं म्हणणं, टर्की हे काही आपलं खाणं नव्हे. खरंय. पण ती आपल्याकडे अगदीच परकी नाही. मेक्सिकोतली ही पाखरं स्पॅनिशांनी युरोपात नेली, पोर्तुगीजांबरोबर ती गोव्यात उतरली, आणि १६१२ मध्ये मुघल सरदार मुकर्रब खान याने गोव्याहून जे अजब प्राणी विकत घेऊन जहांगीरच्या दरबारी नेले, त्यात एक टर्की होती. बादशहा इतका हरखला की त्याने वर्णन लिहून ठेवलं आणि दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरकडून चित्र काढून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. जहांगीरला नवल वाटलं ते मान आणि डोकं सारखं रंग बदलतं याचं: घटकेत पोवळ्यासारखं लाल, घटकेत कापसासारखं पांढरं, मध्येच फिरोजी. चोचीवरून लोंबणारा मांसाचा तुकडा त्याला हत्तीच्या सोंडेसारखा दिसला. शेतावर माझ्या मुलाच्या लाल जॅकेटवर चिडून एक नर फुलून आला, तेव्हा हे रंग मी हातभर अंतरावरून पाहिले आहेत. बादशहाने काही वाढवून सांगितलेलं नाही. गोव्यात तर नाताळाला काही घरांत अजूनही टर्की भाजतात.

आता स्वयंपाकघर. टर्की आणायला थँक्सगिव्हिंगच्या आदल्या एक-दोन दिवशी जायचं, बर्फाची पेटी घेऊन. वजन तुम्ही सांगाल तसं मिळेलच असं नाही. बारा मागितली, पंधरा आली, असं होतं. ते त्यांच्या हातात नसतं. घरी आणल्यावर पंखांपाशी आणि शेपटीपाशी पिसांची काळी मुळं राहिलेली दिसतात. चिमटा घ्यायचा आणि एकेक उपटायचं. मुळाशी शाईसारखा काळा थेंब असतो, तो बोटाला लागतो. ती घाण नाही, पिसाचा रंगच. ज्यांना याची किळस येते त्यांनी पांढरीच घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

अख्खी टर्की ओव्हनमध्ये घालून मासिकातल्यासारखी टेबलावर आणायचा हट्ट मी धरत नाही. हेरिटेजची छाती बारीक आणि कमी चरबीची. तंगड्या लांब, कारण ती चालते, उडते, सोडली तर झाडावर जाऊन बसते. तंगडी शिजेपर्यंत छातीचा भुसा होतो. म्हणून मी आधीच तुकडे करते. सगळ्याला मीठ चोळून दोन रात्री फ्रिजमध्ये उघडंच ठेवते. छाती हाडासकट, कातडीखाली बटर, आणि थर्मामीटरचा काटा आत १६५ अंश फॅरनहाइटला पोचला की बाहेर. दुकानच्या गोठवलेल्या टर्कीत बहुधा आधीच मिठाचं पाणी टोचलेलं असतं, तिला पुन्हा मीठ लावलंत तर खारट होते. ही चूक तिच्या नावावर खपते.

तंगड्यांचं वेगळं. टर्कीच्या नळीत हाडासारख्या कडक शिरा असतात, त्या भाजून सुटत नाहीत. आमच्याकडे त्या कुकरमध्ये जातात आणि भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, खसखस, कांदा-लसूण मसाला असा तांबडा रस्सा होतो. शिरा सुटून येतात, मांस गडद आणि दाट लागतं, जवळपास मटणाच्या अंगाने जाणारं. दुकानच्या टर्कीचा असा रस्सा केला की मसाल्याचीच चव लागते. पैशांचा फरक मला छातीत फारसा कळत नाही, खरं सांगते. रश्श्यात कळतो.

घ्यायचीच असेल तर नोव्हेंबरची वाट बघू नका. जून-जुलैत फोन करा, थोडी आगाऊ रक्कम घेतात. सप्टेंबरपर्यंत चांगल्या शेतांवरच्या संपलेल्या असतात. आणि चौघांच्या घरी चौदा पौंड डोईजड होतात, तेव्हा दोघांत एक घ्या. छाती तुम्ही ठेवा, तंगड्या आमच्याकडे पाठवा.