दीडशे मैल जास्त

लंडनचं हीथ्रो ते न्यूयॉर्कचं जेएफके हे अंतर कुणालाही सापडतं. साधारण ५,५५० किलोमीटर, आमच्या हिशेबात ३,००० नॉटिकल मैल. पण मी फ्लाइट डिस्पॅचर आहे, विमानाचा मार्ग आणि इंधन ठरवणं हे माझं काम, आणि नुसत्या या आकड्यावर विमान सोडता येत नाही. विमान ज्या हवेतून जातं, ती हवाच वाहत असते. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून निघालेलं एक जम्बो विमान जेटस्ट्रीमच्या, म्हणजे खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्याच्या, जोरावर ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं होतं. पश्चिमेला जाताना तोच वारा अंगावर येतो. जाता-येता वारा फिटतो, असं आमच्या ऑफिसातलेही काहीजण समजतात. फिटत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं.

त्या दिवशी सरळ मार्गावर सरासरी १०० नॉटचा, म्हणजे तासाला १०० नॉटिकल मैलांचा, वारा समोरून होता. विमानाचा हवेतला वेग ४८०, म्हणजे जमिनीच्या हिशेबात हाती उरले ३८०. वेळ ७ तास ५४ मिनिटं. मी जेटस्ट्रीमच्या उत्तरेकडून, ग्रीनलंडच्या टोकाच्या बाजूने वळसा काढला. अंतर ३,१५० मैल, पण वारा ७० वर आला आणि वेळ ७ तास ४१ मिनिटं. तेरा मिनिटं वाचली, त्यासोबत टनाहून जास्त इंधन. असा मार्ग सापडला की मला फार आनंद होतो.

शिफ्टच्या प्रमुखांनी दोन्ही प्रिंट पाहिल्या. "दीडशे मैल जास्त कशासाठी? वाऱ्याचा अंदाज बदलतो, अंतर बदलत नाही. सरळ पाठवा." ते हुशार आहेत, पण नकाशावर पट्टी ठेवून विचार करतात. मी दोनदा आकडे दाखवले आणि सरळ मार्गावर सही केली.

अंदाज बदललाच. वीस अंश पश्चिम रेखांशावर विमान ३ मिनिटं मागे होतं, तीस अंशावर ८, चाळीसवर १५. प्रत्येक रिपोर्टला शिल्लक इंधनाचा आकडा प्लॅनपेक्षा जास्त खाली. अनपेक्षित खर्चासाठी ठेवलेलं पाच टक्के इंधन सरत आलं होतं आणि जेएफकेला विमानांची रांग होती. कॅप्टनचा मेसेज आला: "गँडरला उतरून इंधन घेतो." गँडर म्हणजे कॅनडातला, वाटेवरचा विमानतळ. त्याचा निर्णय अगदी बरोबर होता. न्यूयॉर्कला प्रवासी दोन तास उशिरा पोचले. कुणाची पुढची विमानं चुकली असतील, ते मला कळणार नाही.

शिफ्ट संपल्यावर मी उत्तरेचा मार्ग प्रत्यक्षातल्या वाऱ्यावर पुन्हा चालवून पाहिला. ७ तास ४७ मिनिटं. गँडरची गरज पडली नसती.

प्रमुखांनी नंतर विषय काढला नाही, मीही नाही. पण सही माझी होती. सही करत नाही, असं म्हणण्याचा अधिकार मला त्या दुपारी होता आणि मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं नाही.